वर पीठ, खाली काच

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त जसं ऐकलं तसं सांगतेय. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मामी स्वयंपाकघरात होती. तिने बहुतेक सगळं आधीच ऐकलेलं होतं. तरी तिने दार लोटून घेतलं.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही सकाळची आहे.

सकाळचे सव्वासात. उजाडलं होतं. पण उजेड कसा, तर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा.

मामा एका छोट्या विमानतळावर धावपट्टी तपासायचं काम करायचे. थंडीत तिथे बर्फ पडायचा. बर्फ पडला की पहिलं विमान उतरण्याआधी मामा गाडी घेऊन पट्टीवर जायचे. पट्टीचे तीन तुकडे मानलेले. प्रत्येक तुकड्यात थांबायचं, उतरायचं, मोजपट्टी खुपसून बर्फ किती जाड आहे ते बघायचं, बुटाने घासून खाली काय आहे ते बघायचं. मग गाडी पळवून ब्रेक दाबायचा, चाक धरतंय की घसरतंय ते बघायचं. आणि वायरलेसवरून टॉवरला तीन आकडे सांगायचे. प्रत्येक तुकड्याचा एक.

सहा म्हणजे कोरडी ठणठणीत. शून्य म्हणजे विमानाचं नावच काढू नका.

टॉवरवाले तेच आकडे वैमानिकाला सांगणार. वैमानिक त्यावर विसंबून विमान खाली आणणार. म्हणजे एका माणसाच्या शब्दावर सगळा कारभार.

मामांना तिथे सगळे ‘वैद्य’ म्हणायचे. पट्टीची नाडी बघतात म्हणून. हे नाव ठेवलं होतं बर्फ ढकलायची गाडी चालवणाऱ्या माणसाने. आणि त्या माणसाला सगळे म्हणायचे फावडेबुवा. गाडीला पुढे भलंमोठं लोखंडी पातं, म्हणून फावडे. आणि बोलण्यात सदा कीर्तनकाराचा थाट, म्हणून बुवा.

“काय वैद्य, पेशंट जगणार का आज?” रोज सकाळी हे ठरलेलं. वीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं.

आता जे सांगते ते भुताचं नाही. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्रभर बर्फ पडला होता. फावडेबुवा पहाटेपासून पट्टीवर होते. सात वाजता ते मामांच्या खोलीच्या दारात आले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“वैद्य, शेवटचा तुकडा स्वतः बघून घ्या. वर पीठ, खाली काच. माझं पातंसुद्धा घसरलं. नुसतं ढकलून उपयोग नाही, बर्फ वितळायचं औषध फवारायला लागेल. तुम्ही बघा आणि सांगा, मग मी फवारतो.”

फवारायचा हुकूम मामांनी द्यायचा असायचा. त्याआधी त्यांनी बघायचं.

“बघतो,” मामा म्हणाले.

शेवटच्या तुकड्याला थोडा उतार होता. दुपारी वितळलेलं पाणी तिकडे साठायचं, रात्री गोठायचं, आणि त्यावर भुरभुर बर्फ पडला की वरून काही म्हणजे काही कळायचं नाही.

मामांनी पहिला तुकडा तपासला. पाच. दुसरा तपासला. पाच.

आणि तिथून गाडी वळवली.

का?

मी हेच विचारलं. मामा म्हणाले, “पाय गार पडले होते. बस. दुसरं काही कारण असतं तर तुला सांगितलं असतं गं.”

त्यांनी टॉवरला सांगितलं, “पाच, पाच, पाच.” वहीत तिन्ही तुकड्यांपुढे ‘तपासलं’ लिहिलं. सही केली.

वीस मिनिटांनी टपालाचं विमान उतरलं. पहिले दोन तुकडे व्यवस्थित गेलं. तिसऱ्यात ब्रेक लागलाच नाही. विमान पट्टीच्या टोकावरून पुढे गेलं आणि खड्ड्यात नाक खुपसून थांबलं.

विमान एक बाई चालवत होत्या. पस्तिशीच्या. त्या वाचल्या. पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशी बसली. लांब टेबल, पाच जण, पाण्याचे ग्लास. फावडेबुवांनी सांगितलं, “मी वैद्यांना सांगितलं होतं. दारात उभं राहून सांगितलं होतं.”

मग मामांना विचारलं.

मामा म्हणाले, “मला कोणी काही सांगितलं नाही. मी तिन्ही तुकडे तपासले. तेव्हा पाचच होतं. माझ्यानंतर यांनी न विचारता पातं फिरवलं असेल, वरचा बर्फ निघून खालचा थर उघडा पडला असेल.”

हे त्यांनी आयत्या वेळी रचलं नव्हतं. आदल्या रात्री अंथरुणात पडून वाक्य न् वाक्य जुळवलं होतं.

फावडेबुवांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. शिवी नाही दिली. ओरडले नाहीत. पाठीवर भलतीच थाप बसल्यावर माणूस मागे वळून बघतो ना, कोण ते... तसं बघितलं फक्त.

त्यांची नोकरी गेली. पुढे कुठल्याशा गोदामात पोती उचलायचे म्हणे. दोन वर्षांनी, थंडी सुरू व्हायच्या आधी, झोपेतच गेले. मामांना निरोप आला होता. मामा मयताला गेले नाहीत. मामीला म्हणाले, कणकण वाटतेय.

जाणार तरी कुठल्या तोंडाने?

आता त्या सकाळबद्दल.

फावडेबुवा जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मोसमातला पहिला मोठा बर्फ. मामा गाडी घेऊन पट्टीवर गेले. धुकं नव्हतं, वाराही नव्हता. सगळं पांढरं आणि सपाट. आभाळ कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

पहिला तुकडा. पाच.

दुसरा तुकडा. पाच.

दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी कडेला एक पिवळी पाटी होती. मामांनी तिथे गाडी थांबवली.

आणि इथे मामांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तोवर त्यांनी मामीलाही सांगितली नव्हती. त्या अपघातानंतर बर्फाच्या दिवशी ते त्या पाटीच्या पुढे कधीच गेले नव्हते. एकदाही नाही. उन्हाळ्यात जायचे, पावसात जायचे. बर्फात पाय उचलायचा नाही. पाटीपाशी उभं राहायचं, लांबून बघायचं आणि एक आकडा कमी करून सांगायचं. पाच, पाच, चार.

“एक कमी सांगितला की मनाला बरं वाटायचं,” मामा म्हणाले. “म्हणजे बघ, एकीचा पाय गेला, एकाचं आयुष्य गेलं, आणि मी शिकलो काय? तर एक आकडा कमी सांगायला.”

त्या सकाळीही ते तेच करणार होते. अडतीस माणसं घेऊन एक विमान येत होतं. मामांनी इंजिन बंद केलं. वायरलेसचा माइक उचलला.

आणि थांबले.

पुढून आवाज येत होता...

खर्रर्र... खर्रर्र...

लोखंड जमिनीवर घासल्याचा. पात्याचा. वीस वर्षं रोज ऐकलेला आवाज, त्यात चूक कशी होणार? लांबून सुरू व्हायचा, जवळ यायचा, थांबायचा. मग परत लांबून.

पण समोर काहीच नव्हतं. दिवे नाहीत, गाडी नाही. नुसतं पांढरं.

इंजिनाचा आवाजही नव्हता. फक्त पातं.

मामांनी टॉवरला हाक मारली. टॉवरवर एक तरुण बाई होत्या. सगळे त्यांना टॉवरताई म्हणायचे. त्या वर्षभरापूर्वीच आल्या होत्या. जुनं प्रकरण त्यांना कानगोष्टींपुरतं माहीत.

“टॉवरताई, पट्टीवर बर्फाची गाडी कोणी आणली आहे का?”

“नाही हो. गाडी शेडमध्ये आहे. शेडचं दार मला इथून दिसतंय, बंद आहे. ड्रायव्हर इथे खालीच बसून चहा पितोय. हाक मारू का?”

“नको.”

“बरं, ते शून्य मी लिहून घेतलंय. विमानाला कळवू ना?”

मामांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“कसलं शून्य?”

“तुम्हीच सांगितलंत ना आत्ता, दोन मिनिटांपूर्वी. खरखर फार होती, पण शब्द कळले. पाच, पाच, शून्य. शेवटच्या तुकड्यात वर पीठ, खाली काच. म्हटलं, आज वैद्यांना काव्य सुचलंय.” त्या हसल्या.

मामांनी माइककडे बघितलं. त्यांनी अजून बटणसुद्धा दाबलं नव्हतं. त्या सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं ते आत्ता, गाडीबद्दल विचारायला.

ते शब्द त्या दारात, त्या एका सकाळी, दोघांतच बोलले गेले होते. चौकशीत फावडेबुवांनी फक्त ‘मी सांगितलं होतं’ एवढंच म्हटलं होतं. नेमके शब्द कोणी विचारले नव्हते. कारण मामांनी असं काही बोलणं झालंच नाही म्हणून सांगितलं होतं.

“वैद्य? ऐकताय ना? विमान अठरा मिनिटांवर आहे. नक्की आकडा द्या. शून्य दिला तर त्यांना दुसरीकडे पाठवायला लागेल.”

पुढे खर्रर्र चालूच होतं...

“तपासून सांगतो,” मामा म्हणाले.

त्यांनी इंजिन सुरू केलं. किल्ली दोनदा निसटली. पिवळी पाटी मागे पडली.

ती पाटी ओलांडली... आणि आवाज थांबला.

एकदम. कोणी ऐकतंय हे कळल्यावर माणूस बोलायचा थांबतो, तसा.

शंभर पावलं पुढे गेल्यावर त्यांना तो पट्टा दिसला.

पांढऱ्या बर्फात एक काळा पट्टा. सरळ, स्वच्छ, बरोबर एका पात्याच्या रुंदीचा. पट्टीच्या मधोमध सुरू झालेला. चाळीसएक पावलं लांब. आणि मधेच संपलेला.

त्याच्या अलीकडे काही नाही. पलीकडे काही नाही. टायरची खूण नाही. पावलाची नाही. एवढं अवजड वाहन तिथे आलं कुठून आणि गेलं कुठे?

मामा गाडीतून उतरले. पट्ट्यावर एक पाय ठेवला आणि दुसऱ्या क्षणी उताणे पडले. डोकं आपटलं. हात टेकून उठायला गेले, हात सटकला. खाली गोठलेला थर होता. गुळगुळीत, काळा, इतका नितळ की खालचं डांबर दिसत होतं.

तसंच पडल्या पडल्या त्यांचं लक्ष पट्ट्याच्या टोकाकडे गेलं. पातं थांबतं तिथे बर्फाचा ढीग होतो, तसा ढीग तिथे होता. कमरेएवढा.

आणि त्या ढिगाऱ्यावरून बर्फाचे कण...

अजून खाली घरंगळत होते.

मामा रांगत रांगत गाडीपर्यंत आले. उभं राहायची छाती झाली नाही. बटण दाबलं.

“शेवटचा तुकडा शून्य. विमान उतरवू नका.”

“हो, तेच तर लिहिलंय,” टॉवरताई म्हणाल्या.

विमान दुसरीकडे उतरलं. अडतीस माणसं सुखरूप.

तासाभराने मोठे साहेब स्वतः पट्टीवर आले. तोवर नव्या बर्फाने तो पट्टा अर्धा बुजला होता. साहेबांना वाटलं मामांनीच फावड्याने खरवडून बघितलं असेल. त्यांनी बुटाने थर घासला, मागे सरकले आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

“वैद्य, आज तुम्ही अडतीस जीव वाचवलेत.”

 इथे येऊन मामांनी पाणी मागितलं. मी दिलं. ग्लास हातातच राहिला.

“मी काय बोललो असेन सांग,” ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं.

“मी म्हटलं, कामच आहे साहेब.”

तीन दिवस मामा मिरवले. मिरवले हा त्यांचाच शब्द. सगळ्यांसमोर टाळ्या वाजल्या. मामीने शेजारीपाजारी सांगितलं. माझ्या आईला फोन केला, तुझ्या भावाने बघ काय केलं. मामांनी कोणालाच थांबवलं नाही. ज्याची नोकरी खाल्ली, त्याची मेल्यानंतरची शाबासकीही आपल्याच खिशात घातली.

चौथ्या दिवशी त्यांना रेकॉर्डिंगच्या खोलीत बोलावलं. टॉवरवरचं सगळं बोलणं तिथे आपोआप नोंदलं जातं. अहवालावर मामांची सही हवी होती.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “वैद्य, एक गंमत आहे. तुमचा पहिला निरोप तुमच्या वायरलेस सेटवरून नाही आला. बर्फाच्या गाडीच्या सेटवरून आलाय. आणि त्या गाडीची तर बॅटरी चार्जिंगला काढलेली होती तेव्हा. नोंदीत काहीतरी गडबड झालेली दिसते. तुम्ही ऐकून घ्या, आवाज तुमचाच आहे एवढं लिहून द्या म्हणजे झालं.”

त्याने कानाला लावायला हेडफोन दिला आणि तो बाहेर गेला.

आधी नुसती खरखर. मग...

“टॉवर, पाच, पाच, शून्य. शेवटच्या तुकड्यात वर पीठ, खाली काच. विमान उतरवू नका. नीट ऐकू आलं ना?”

आवाज मामांचा नव्हता.

आवाजात राग नव्हता. घाई नव्हती. तोच कीर्तनकाराचा संथ थाट. कामावरचा माणूस कामाचं बोलतो, तेवढंच.

मामांनी ते सात वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता शेवटी आपलं नाव येईल. वैद्य म्हणेल. काहीतरी म्हणेल.

नाव आलं नाही.

ते उठले आणि थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दारातलं बोलणं, गार पडलेले पाय, वहीतली खोटी सही, चौकशीतलं खोटं आणि रेकॉर्डिंगमधला आवाज. साहेबांनी शेवटचं सोडून बाकी सगळं लिहून घेतलं. शेवटचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “हे आपण लिहायला नको.”

मामांची नोकरी गेली. फावडेबुवांच्या नावावरचा ठपका काढल्याचं पत्र निघालं. ते पत्र घेऊन मामा त्यांच्या घरी गेले.

फावडेबुवांच्या बायकोने दार अर्धं उघडलं. पत्र उभ्यानेच वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“आता का?” त्यांनी विचारलं.



“त्यांनी घरात कधी तुमच्याबद्दल वाईट काढलं नाही,” त्या म्हणाल्या. “मीच बोलायचे. मी पुष्कळ बोलायचे. ते म्हणायचे, अगं जाऊ दे. पण बर्फ पडला ना, की पहाटे उठून बसायचे. झोपा म्हटलं तर म्हणायचे, त्या शेवटच्या तुकड्यात आज कोणी गेलं असेल का? एवढीच त्यांना काळजी.”

मामा त्यांच्या पाया पडायला वाकले. त्या मागे सरकल्या.

“नका,” त्या म्हणाल्या. “मला ते नकोय.”

आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

मामांचं हे सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, “मामा, पण तुम्ही सगळं कबूल केलंत. आता तरी त्यांच्या जिवाला शांती मिळाली असेल.”

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“तुला वाटतंय तो माझ्यासाठी आला होता,” ते म्हणाले. “मलाही आधी तेच वाटलं. सूड उगवायला आला असता तर बरं झालं असतं गं. निदान एकदा समोरासमोर झालं असतं. तो विमानासाठी आला होता. पट्टी कोणी बघत नव्हतं, म्हणून तो बघून गेला. मी त्याच्या खिजगणतीतही नव्हतो.”

मामांच्या जागी आता एक नवीन मुलगी काम करते. मी तिला भेटले, कारण मला राहवलं नाही. ती प्रत्येक तुकड्यात जाते, शेवटच्या टोकापर्यंत. मी विचारलं, तिकडे कधी काही दिसतं का? तिने इकडेतिकडे बघितलं.

“मोठा बर्फ पडला की कधीकधी,” ती म्हणाली, “मी पोचायच्या आधीच कोणीतरी थोडासा भाग घासून ठेवलेला असतो. मी ड्रायव्हरला विचारत नाही. तोही मला विचारत नाही.”

हे मी मामांना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी एकच विचारलं, “तिला आवाज येतो का?” मी म्हटलं, माहीत नाही.

“तुम्हाला कधी दिसतात का ते?” मी विचारलं. “घरी, स्वप्नात वगैरे?”

“नाही,” मामा म्हणाले. “एकदाही नाही.”

मग म्हणाले, “मी वाट बघतो.”

आज पहाटेपासून बर्फ पडतोय. हे लिहायला बसले तेवढ्यात मामीचा फोन आला. म्हणाली, मामा चार वाजल्यापासून बूट घालून दारात बसलेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. बाहेर जा म्हटलं तर जात नाहीत.

आणि दार उघडंच ठेवलंय.